कापूस ठेवायचा कुठे? खानदेशातली घरकुले आणि गावांचे नियोजन

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांपैकी सुमारे सात माणसे खेड्यात राहतात. या खेड्यांत घराचा विषय निघाला की बोलणे चार गोष्टींवर येते: जागा, यादी, हप्ता आणि वाळू. त्याच्या पुढे जाऊन घर कसे असावे, गाव कोणत्या अंगाला वाढावे आणि ग्रामपंचायतीकडे आलेला पैसा कशावर खर्च व्हावा, याबद्दलही गावकऱ्यांची मते ठाम असतात. त्यांच्यामागे इथले ऊन, इथली पिके आणि जमिनीची मालकी ही कारणे आहेत. सरकारी योजनांमुळे हजारो कुटुंबांच्या डोक्यावर पक्के छप्पर आले, हे गावे मोकळेपणाने मान्य करतात. तक्रार वेगळी आहे. घराचा हिशेब माणसे मोजून झाला. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात माणसांसोबत जे राहते, ते मोजलेच गेले नाही.

खानदेशातले जुने घर धाब्याचे. जाड मातीच्या भिंती, त्यांच्या आत उभे लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग निंबाचा पाला आणि सर्वांत वर खारट पांढऱ्या मातीचा थर, अशी त्याची रचना असते. ही माती भिजली की फुगते, दबून घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. मृगाआधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपायची, पन्हाळे साफ करायचे, हे दरवर्षीचे काम. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घराचे माप खणांतच सांगितले जाते. उन्हाळ्यात धाब्यावर कुरडया-पापड वाळतात, मिरच्या पसरल्या जातात, रात्री सगळे कुटुंब तिथेच अंथरूण टाकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दुपारी मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा थर यांनी घर राहण्याजोगे ठेवलेले असते.

तरीही धाब्याच्या घराविषयी गावात भाबडे प्रेम नाही. झड लागली की धाबे गळते, भिंती पाणी पितात, आणि जुनी भिंत रात्रीतून बसली तर माणसे दगावतात. तुळयांना लागणारे लाकूड आता परवडत नाही. धाबे घालणारे कारागीरही थोडे उरले. म्हणून पक्के घर सर्वांनाच हवे आहे. मात्र पत्र्याच्या किंवा पातळ स्लॅबच्या घरात मे महिन्याची दुपार काढणे कठीण, हा अनुभवही आता घरोघरी आहे. नवे घरकुल बांधल्यावर जुन्या घराची एखादी खोली मुद्दाम राखून ठेवणारी कुटुंबे आहेत: म्हातारी माणसे दुपारी तिथे, बाकीचे रात्री नव्यात. घर बांधताना उन्हाचा विचार व्हावा ही मागणी कागदावर क्वचित येते, कारण अर्जात त्यासाठी रकानाच नसतो.

ग्रामीण घरबांधणीची केंद्राची मोठी योजना इंदिरा आवास या नावाने १९८५-८६ मध्ये सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली आणि घराचे किमान क्षेत्रफळ २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर झाले. गावात हाच आकडा २६९ चौरस फूट म्हणून तोंडपाठ असतो. स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली आहे. महाराष्ट्रात याच्या जोडीला अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी घरकुल, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३-२४ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा योजना आहेत. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही, हा नियम चांगला आहे. वेगवेगळ्या प्रदेशांच्या हवामानाला साजेसे घरांचे नमुनेही केंद्राने संकलित करून प्रसिद्ध केले. गावात पोहोचते ते मात्र ठरलेले चित्र: चार भिंती, एक आडभिंत, वर स्लॅब किंवा पत्रा. गवंड्याला तेच जमते आणि मिळणाऱ्या पैशांत तेवढेच बसते.

या २६९ फुटांत काय मावत नाही, याची यादी खानदेशात कापसापासून सुरू होते. दसऱ्याच्या सुमारास वेचणी लागते. बाजारात भाव पडलेला असला की लहान शेतकरी कापूस विकत नाही, घरात भरतो. भाव वाढेल या आशेवर तो संक्रांतीपर्यंत, कधी होळीच्याही पुढे घरातच राहतो. कापूस वजनाला हलका आणि जागेला भारी. पाच-सहा एकरांचा माल आला की एक आख्खी खोली छतापर्यंत भरते. जुन्या घरात त्यासाठी मागची अंधारी खोली असे. घरकुलात कापूस आणि माणसे एकाच खोलीत येतात. कापूस महिनोन्‌महिने साठला की त्यातल्या बारीक किड्यांमुळे घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते, लेकरांच्या अंगावर पुरळ उठतात. विजेची एक ठिणगी किंवा चुलीतला निखारा उडाला तर वर्षाची कमाई जळून जाण्याची धास्ती वेगळीच. गोदाम योजना आहेत, पण पाच-दहा क्विंटलवाल्याला गाडीभाडे देऊन माल तिथे नेणे परवडत नाही. त्याचे गोदाम घरच आहे.

यादी पुढे चालू राहते. बैलजोडी, गाय किंवा शेळ्या, त्यांचा कडबा, वखर, पाभर, फवारणीचा पंप, जळण, बियाणे आणि खताच्या गोण्या. भूमिहीनांकडे कापूस नसतो, तरी दोन-चार शेळ्या असतात आणि रात्री त्यांना दाराबाहेर सोडून चालत नाही. बायकांची मते इथे सर्वांत नेमकी असतात. गॅस आला तरी भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच होते, म्हणून चूल मांडायला आडोसा हवा. न्हाणीला जागा हवी आणि तिचे पाणी जायला गटार हवी. शौचालयासाठी १२ हजार रुपये वेगळे मिळतात; पण उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येत असेल तर ते वापरायचे कशावर, हा प्रश्न महिला सभेत हमखास निघतो. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे होते, याचे महत्त्व त्या जाणतात. आखणीत मात्र त्यांना कोणी विचारलेले नसते, आणि हा दोष लहान नाही.

पैशांचा हिशेब असा. प्रधानमंत्री आवासचे अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८ हजारांच्या आसपास जाते. शौचालयाचे १२ हजार धरले तर सपाट भागात एकूण आकडा १ लाख ६० हजारांवर येतो. २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची वाढ जाहीर केली. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौरसंचाला. तरीही सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी यांच्या भावात घर पुरे होता होता कर्ज निघतेच. हप्ता मिळतो तो जोता, मग भिंती, मग छत अशा टप्प्यांवर, प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवरून जागेसह फोटो चढल्यावर. चाळीसगाव-पारोळा भागातले ऊसतोड मजूर दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्या घराचे काम जोत्यावर अडते. फोटो नाही म्हणून पुढचा हप्ता नाही आणि हप्ता नाही म्हणून काम नाही, असा तो फेरा असतो. स्थलांतर करणाऱ्यांना उन्हाळ्यातले तीन महिने सलग मिळावेत, हप्ते त्या काळात एकत्र द्यावेत, असे या कुटुंबांचे म्हणणे आहे. ते अवघड वाटत नाही.

वाळूचा मुद्दा खानदेशात विशेष टोकदार आहे. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण २०२५ मध्ये राज्याने ठरवले. वाळू येते गिरणा, तापी, पांझरा, बोरी यांच्या पात्रांतून. याच पात्रांतल्या बेकायदा उपशाविरुद्ध काठावरची गावे वर्षानुवर्षे भांडत आहेत, कारण वाळू गेली की पात्रात पाणी थांबत नाही आणि काठच्या विहिरी आटतात. म्हणजे घरासाठी वाळू हवी आणि विहिरीसाठी ती नदीत राहायला हवी. या पेचातून काठावरच्या गावांनी काढलेला तोडगा सरळ आहे: गावाच्या घरकुलांना लागणारी वाळू ग्रामसभेने ठरवलेल्या ठिकाणाहून, ठरवलेल्या खोलीपर्यंत काढावी आणि बाहेरगावच्या डंपरांना पात्रात उतरू देऊ नये. त्यासाठी पात्रावर ग्रामसभेचा खराखुरा शब्द चालला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने गौण खनिजांबाबत ग्रामसभेला असा अधिकार दिला आहे. बाकीच्या गावांना तो तितका नाही.

या सगळ्याच्या मुळाशी जागा आहे. गावठाणाच्या हद्दी इंग्रजी अमलातल्या मोजणीपासून चालत आलेल्या. त्यानंतर एका घराची चार घरे झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार गावठाण ठरवण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पण विस्ताराचे प्रस्ताव पुढे सरकायला वर्षे लागतात. २०१७ मध्ये संहितेत दुरुस्ती झाली आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीचा निवासी वापर सोपा झाला. ज्यांची शेती गावाला लागून आहे त्यांना याचा फायदा झाला. ज्यांची नाही, त्यांच्यासाठी तीच जमीन महागली. महामार्गालगतच्या गावांत तर तिथे प्लॉट पडले आणि बाहेरच्या लोकांनी ते घेतले. भूमिहीन लाभार्थ्याला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत ५० हजार रुपये मिळत. २०२४ मध्ये ही रक्कम १ लाख झाली. रस्त्याच्या गावात तेवढ्यात प्लॉट मिळणे कठीण.

मग उरते गायरान. पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर वस्ती करून राहिलेल्यांत भिल्ल, पारधी, भटके आणि दलित कुटुंबे जास्त आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्याने १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनींवरची निवासी अतिक्रमणे ‘सर्वांसाठी घरे’ धोरणाखाली नियमित करण्याचा निर्णय घेतला; त्यात गायरानाची अडचण कायम राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे काढण्यास सांगितले, नोटिसा निघाल्या आणि राज्यभर मोर्चे झाले. या प्रश्नावर गाव एकमताचे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांची गुरे चरायला गायरान उरले नाही त्यांचा राग खरा आहे. ज्यांना दुसरी जागाच नाही त्यांची गरजही खरी आहे. दोघांना एकाच सभेत बसवून नकाशा पुढे ठेवला तर काही गुंठे वस्तीला आणि बाकीचे चराईला अशी वाटणी शक्य असते. ती ठरवायचा अधिकार मात्र सभेकडे नाही.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणखी एक वर्ग आहे: सालदार. सातपुड्यातून आलेली पावरा, भिल्ल, बारेला कुटुंबे मालकाच्या शेतातल्या खोपीत वर्षभर राहतात. रेशनकार्ड मूळ गावचे, मुले इथल्या शाळेत, मजुरी मालकाकडे. घरकुलाच्या यादीत त्यांचे नाव कुठे असावे, याचे उत्तर दोन्ही गावांच्या ग्रामसेवकांकडे नसते. केळीची बाग ज्यांच्या हातांवर उभी आहे, त्यांचे घर कोणत्याच गावाच्या आराखड्यात येत नाही.

यादीबद्दलची नाराजी समजून घ्यायची तर तिचा इतिहास थोडा पाहावा लागतो. पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवरून झाली. त्यातून सुटलेल्यांसाठी २०१८ च्या सुमारास ‘आवास प्लस’ पाहणी झाली. तिलाच गावात ‘ड यादी’ म्हणतात. निकषांत कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या एक-दोन खोल्यांच्या घराला प्राधान्य होते, आणि दुचाकी, फ्रिज, ५० हजारांवरची किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा असली तरी नाव बाद होत असे. कोरडवाहू शेतकऱ्याकडे पीककर्जाचे कार्ड असतेच. जुनी दुचाकी तर खेड्यातून बाजाराला आणि दवाखान्याला जायचे एकमेव साधन. २०२४ मध्ये दुचाकी आणि फ्रिजची अट काढली गेली, ही सुधारणा गावांच्या बऱ्याच दिवसांच्या तक्रारीला धरून होती. दुसरी अडचण धाब्याच्या घरांची. चार-पाच खणांचे जुने घर बाहेरून मोठे दिसते. आत तीन भावांच्या तीन चुली असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड खण. पाहणी करणारा घर मोजतो, गाव चुली मोजते. पात्र-अपात्रतेवरून होणारी बरीचशी भांडणे या एका फरकातून उगवतात. यादी ग्रामसभेत वाचून कायम करायची असा नियम आहे. जिथे ती चावडीवर लावून, दोन दिवस आधी दवंडी देऊन, नाव-नाव वाचली जाते, तिथे हरकती जागेवरच मिटतात. जिथे कोरम कागदावर भरतो, तिथे तक्रारी पंचायत समितीत आणि पुढे जातात.

घरापलीकडचे गावाचे नियोजन २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ओळखले जाते. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि प्रत्येक गावाने आपला आराखडा करावा असे ठरले. गणफेरी, शिवारफेरी, महिला सभा, वंचित घटकांची सभा आणि मग ग्रामसभा, अशी त्याची रीत. रीत उत्तम आहे. पंधराव्या आयोगात मात्र निधीचा मोठा भाग, २०२१-२२ पासून ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेसाठी ‘बंधित’ झाला आणि ४० टक्के ‘अबंधित’ राहिला. लहान ग्रामपंचायतीकडे मग स्वतःच्या निर्णयाने खर्चायला फार थोडे उरते.

शिवारफेरीत गावकरी जे सांगतात आणि आराखड्यात जे उतरते, त्यांत फरक पडतो. सर्वांत जास्त मागणी असते शेतरस्त्याची. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसात पाय रुतवते. श्रावण-भाद्रपदात बैलगाडीच काय, माणूसही शेतापर्यंत जात नाही, आणि केळी किंवा कापूस डोक्यावर बाहेर काढावा लागतो. शेतरस्ता लांब, खर्चिक आणि वादाचा, कारण बांध मागे सरकवायला कोणी तयार नसतो. राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आणली, तरी मोजणी आणि अतिक्रमण यांत कामे अडकतात. त्यामानाने गावात पेव्हर ब्लॉक बसवणे सोपे. ते दिसते, लवकर होते, बिल निघते. म्हणून गल्लीत ब्लॉक आणि शिवारात चिखल अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे. गटार, गुरांसाठी हाळ, स्मशानाला शेड आणि तिथपर्यंतचा रस्ता या मागण्याही अशाच मागे पडतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात प्रश्न आणखी वेगळा आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री तालुक्यांतला काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. इथले पाडे पसरलेले असतात; प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, शेजारी हाकेच्या अंतरावर. जमीन वन खात्याची म्हटली की घरकुल मंजूर होऊनही जोता खणता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाणवठा अशा १३ सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन देण्याची सोय केली. घर त्या यादीत नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला आपला अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रात वनवासी कुटुंबांना घरासाठीही वनजमीन मिळण्याची वाट मोकळी केली. पेसा कायद्याने पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करता येते, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीतला वाटा थेट ग्रामपंचायतींना मिळतो. पाड्यांवरच्या लोकांना याहून मोठी अपेक्षा नाही: हक्काचा कागद, बारमाही रस्ता आणि पाणी, आणि घर आहे तिथेच राहू द्यावे.

आहे तिथून उठवले की काय होते, हे खानदेशाने जवळून पाहिले आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावे बुडाली. ती त्या वेळी धुळे जिल्ह्यात होती, १ जुलै १९९८ पासून नंदुरबारमध्ये. विस्थापितांसाठी तळोदा तालुक्यात सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करून सोमावल, रेवानगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. डोंगरात ज्याचे घर शेताच्या मधोमध, अंगणात मोहाचे झाड आणि पलीकडे नदी, त्याला सरळ रेघेतला प्लॉट मिळाला. घराला घर चिकटले, शेत दूर गेले, कोंबड्या-शेळ्यांवरून शेजाऱ्यांशी कुरबुरी सुरू झाल्या. आखणीत रस्ते, शाळा, वीज होती. पाड्याचे अंतर मात्र कोणी मोजले नव्हते. तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या हतनूर धरणानेही भुसावळ-रावेर-मुक्ताईनगर भागातली गावे हलली. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये केला आणि पुढे नव्या गावठाणांसाठी १८ नागरी सुविधांची यादी ठरली. त्यांतल्या किती पुऱ्या झाल्या, हा प्रश्न धरणग्रस्तांच्या प्रत्येक बैठकीत दशकांनंतरही उभा राहतो.

मोबदल्यातला भेदभाव किती खोल जखम करतो, हे शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणने दाखवून दिले. दोंडाईचाजवळच्या वीजप्रकल्पासाठी जमीन गेलेल्या तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याने, शेजारच्या शेताला जास्त आणि आपल्याला अत्यल्प भाव मिळाला म्हणून दाद मागत जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले. काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्या घटनेनंतर या पट्ट्यात मोजणीचा माणूस आला की गाव आधी कागद मागते: कोणत्या दिवशी मोजणी, कोणत्या झाडांची नोंद, विहीर धरली की नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग धुळे, शिरपूर भागातून जातो. रेल्वेला विरोध थोडा आणि उत्सुकता जास्त आहे. पण रूळ पडल्यावर अर्धे शेत पलीकडे गेलेल्या शेतकऱ्याला बोगदा कुठे मिळणार, हे आधी नकाशावर दाखवले जावे, असे त्याचे म्हणणे आहे.

गावाने आपले नियोजन आपण करण्याची परंपरा इथे नवी नाही. पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे चाललेल्या फड पद्धतीत नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालचे शिवार फडांत वाटलेले असे. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, कोणता पडीक, हे सर्व शेतकरी मिळून ठरवत. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळ्यांनाच कमी.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले बारीपाडा आजचे उदाहरण आहे. कोकणा आणि भिल्ल समाजाचे, सुमारे शंभर घरांचे हे गाव १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्यावाचून हलाखीत होते आणि लोक मजुरीला बाहेर जात. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने सुमारे ११०० एकर जंगल राखायचे ठरवले. झाड तोडणाऱ्याला दंड, राखणीला गावाचेच राखणदार, श्रमदानाने बंधारे. नियम बाहेरून आले नव्हते, म्हणून मोडणाऱ्याला तोंड लपवावे लागे. जंगल परत आले, विहिरींना पाणी आले, शेती सुधारली आणि उन्हाळ्यात शेजारच्या गावांना पाणी देण्याइतपत बारीपाडा सावरले. रानभाज्यांची इथली वार्षिक स्पर्धा आता दूरवर माहीत आहे. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्यात आधी ठरले जंगल आणि पाण्याचे, योजना नंतर आल्या, आणि आलेली प्रत्येक योजना गावाने आपल्या क्रमात बसवून घेतली.

बाकीच्या गावांना लगेच ते जमेल असे नाही. चार-पाच हजार वस्तीच्या, अनेक जातींच्या, निवडणुकीने दुभंगलेल्या गावात एकमत दुर्मीळ असते. तरी काही मागण्यांवर दोन्ही जिल्ह्यांतली बहुतेक गावे एक आहेत. घरकुलाच्या मापात शेतमाल आणि जनावरांसाठी शंभर-दीडशे फुटांची पडवी धरावी, भले ती पत्र्याची असो. उन्हाळ्याचा विचार करून छताचा एखादा नमुना गवंड्यांना शिकवावा. गावठाण विस्ताराच्या प्रस्तावाला मुदत असावी आणि भूमिहीनांचे प्लॉट त्यात आधी काढावेत. ड्रोन मोजणी होऊन स्वामित्व योजनेतून मिळणाऱ्या सनदेत भावाभावांच्या वाटण्यांची नोंद व्हावी. आणि अबंधित निधीचा वाटा वाढवून त्यातला ठरावीक भाग शेतरस्त्यांसाठी राखावा. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचा आणि पुढच्या पाच वर्षांसाठी सोळाव्या आयोगाचा, त्यामुळे गावांचे नवे आराखडे याच काळात घडायचे आहेत.